मदत हवी आहे: रॉस समुद्रातील टूथफिशच्या टॅगिंगचा नियम

नमस्कार. अंटार्क्टिक मासेमारीच्या नियमांवर मराठीत लेख लिहितेय. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या सीसीएएमएलआर आयोगाचे (अंटार्क्टिकच्या सागरी जीवसंपत्तीचं संवर्धन पाहणारा आंतरराष्ट्रीय आयोग) नियम वाचून झाले, पण एका ठिकाणी अडले आहे. जहाजावर निरीक्षक म्हणून गेलेलं किंवा मत्स्यविज्ञानातलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात जहाजाने पकडलेल्या दर टनामागे किमान एक टूथफिश (तिथला खोल पाण्यातला मोठा मासा) खूण म्हणजे टॅग लावून जिवंत सोडायचा असतो. पुढे तेच मासे पुन्हा सापडले की साठ्याचा अंदाज बांधता येतो, म्हणून मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो. पण नुसती संख्या पुरत नाही. खूण लावलेल्या माशांच्या लांबीचं प्रमाण एकूण पकडीतल्या लांबीशी किमान 60 टक्के जुळावं लागतं. शिवाय मासा धडधाकट हवा.

मोठा मासा तर कितीतरी किलोंचा. गळाला लागून खोल पाण्यातून वर आलेला तो जीव इजा न होता डेकवर घेतात कसा? जाळीच्या झोळीने? छोटे मासे हाताळायला सोपे, त्यामुळे तेच जास्त निवडले जाण्याची भीती मला खरी वाटते. 60 टक्क्यांचा हिशोब रोजच्या रोज ठेवतात की मोहिमेच्या शेवटी? आणि तो कुणाकडे असतो, निरीक्षकाकडे की जहाजाच्या लोकांकडे?

स्थान कळवणारी यंत्रणा, पकडीचे अहवाल, पकड-दस्तऐवज हे समजलंय. प्रत्यक्ष डेकवर काय घडतं, तेवढंच हवंय.