डिलन ब्राउन, १ नोव्हेंबरचा नियम आणि चाहत्यांची फरफट

हॅरिसपार्ककर:
काल एका सदस्याने लिहिले की, रग्बी लीगपटू डिलन ब्राउनची न्यूकॅसल क्लबशी काय बोलणी झाली हे त्याच्या जुन्या क्लबच्या, म्हणजे सिडनीतल्या पॅरामॅटाच्या चाहत्यांना कळण्याचे काहीच कारण नाही. चाहत्याने तिकीट काढावे, सामना पाहावा आणि घरी जावे. या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. मार्च २०२५ मध्ये हंगाम जेमतेम सुरू झाला होता, तेव्हाच जाहीर झाले की ब्राउन २०२६ पासून दहा वर्षांच्या कराराने न्यूकॅसल नाइट्सकडे जाणार, आणि वर्तमानपत्रांनी रक्कम सांगितली ती सुमारे १.३ कोटी डॉलरची. त्यानंतरचा हंगाम तो आमच्याच निळ्या-सोनेरी जर्सीत खेळला. एनआरएलच्या (ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेच्या) नियमानुसार ज्याचा करार पुढच्या हंगामाअखेर संपतो, तो आदल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून कोणत्याही क्लबशी बोलू शकतो, सहीसुद्धा करू शकतो. म्हणजे जवळजवळ वर्षभर तो एका क्लबचा पगार घेतो आणि दुसऱ्या क्लबचा असतो. माझ्या मुलाने पाठीवर ब्राउनचा सहा नंबर छापून घेतलेली जर्सी मार्चनंतर पुन्हा अंगात घातली नाही. १९८६ पासून विजेतेपदाची वाट पाहणाऱ्या गावाला ‘घरी जा’ म्हणणे सोपे आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की बोलणी करार संपणाऱ्या हंगामाच्या अंतिम सामन्यानंतर सुरू व्हावीत, त्याआधी नाही.

हंटरकाठ:
आपल्या मुलाचे दुःख मला समजते, पण आपण खेळाडूला वेठबिगार समजत आहात. मी नोकरी बदलली तेव्हा दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आलो हे माझ्या साहेबांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर पुढचे सहा महिने त्यांनी मला कोपऱ्यात बसवले असते. ज्याचा गुडघा एका टॅकलमध्ये कायमचा जाऊ शकतो, त्याने करार संपेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे आणि मग डिसेंबरात कुटुंबासह घर शोधत फिरावे, असे आपल्याला वाटते काय? आणखी एक गोष्ट सिडनीकरांच्या लक्षात येत नाही. आमच्या न्यूकॅसलला पोलादाचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, संघाने शेवटचे विजेतेपद २००१ मध्ये मिळवले आणि २०२५ मध्ये आम्ही गुणतक्त्याच्या तळाला गेलो. असा क्लब दहा वर्षांची हमी देणार नाही तर सिडनी सोडून आमच्याकडे येणार कोण?

यॉर्कशायरमधून:
आपण दोघेही खरा मुद्दा सोडून बोलत आहात. इंग्लंडमध्ये विडनेस क्लबने जानेवारी १९९२ मध्ये आपल्या मार्टिन ओफाया या खेळाडूला विगन क्लबकडे जाऊ दिले तेव्हा ४,४०,००० पौंड घेतले. विडनेसच्या लोकांना राग आलाच, पण क्लबच्या तिजोरीत काहीतरी पडले. ऑस्ट्रेलियात करार संपवून खेळाडू गेला की घडवणाऱ्या क्लबच्या हाती काहीच राहत नाही. गुप्ततेवर भांडण्यापेक्षा भरपाईवर भांडा.

पगारपत्रक:
गुप्तता हाच खरा मुद्दा आहे. मेलबर्न स्टॉर्म क्लबने कराराची दोन दोन दप्तरे ठेवली, सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) मोडली आणि २०१० मध्ये त्यांची २००७ व २००९ ची विजेतेपदे काढून घेतली गेली. एनआरएल आजही खेळाडूंचे पगार प्रसिद्ध करत नाही, आकडे वार्ताहरांच्या कानगोष्टींतून येतात. आकडाच झाकलेला असेल तर नियम पाळला की नाही हे चाहत्याने ओळखायचे कसे?

हंटरकाठ:
तो हिशेबातला खोटेपणा होता, बोलण्यांमधील गुप्तता नव्हे. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

वानखेडेची पायरी:
मी मुंबईत राहतो आणि रग्बी लीग पहाटे पाहतो, पण हे सारे आम्ही आयपीएलमध्ये भोगले आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी गुजरातने हार्दिक पांड्याला कायम ठेवल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो मुंबईचा झाला. मुंबईने गुजरातला किती ट्रान्सफर फी दिली हे कुणी अधिकृतपणे सांगितले नाही. डिसेंबरात रोहित शर्माचे कर्णधारपद गेले आणि २०२४ च्या हंगामात वानखेडेवरच हार्दिकची हुर्यो उडवली गेली. मी त्या स्टँडमध्ये होतो. माझ्या शेजारचे साठीतले गृहस्थ नाणेफेक संपेपर्यंत ओरडत होते. लोकांना आधी विश्वासात घेतले असते तर तो मुलगा एवढा भाजला नसता.

हंटरकाठ:
मग जडेजाचे काय? २०१० मध्ये त्याने राजस्थानशी करार न वाढवता मुंबईशी बोलणी केली म्हणून त्याला अख्खा हंगाम बाहेर बसवले. एकवीस वर्षांच्या मुलाला शिक्षा झाली. आपण ज्या पायरीवर बसता, त्या संघाला या प्रकरणी काय भोगावे लागले ते आधी सांगा. खेळाडू बोलला तर गुन्हा आणि मालक बोलले तर व्यवहार, हा न्याय मला संतापजनक वाटतो. २०२५ मध्ये त्याच जडेजाला चेन्नईने संजू सॅमसनच्या बदल्यात पुन्हा राजस्थानकडे पाठवले आणि तेव्हा कुणाला शिस्त आठवली नाही.

वानखेडेची पायरी:
मी संघाचा वकील नाही. माझ्यावर आवाज चढवू नका. जडेजावर अन्याय झाला हे मी नाकारलेले नाही.

पगारपत्रक:
आयपीएलच्या गप्पांसाठी दुसरी जागा आहे.

यॉर्कशायरमधून:
मला ती तुलना उपयोगी वाटते, कारण तिथे निदान दोन्ही क्लब मेजावर असतात. मात्र ‘आधी जाहीर करा’ म्हणणाऱ्यांनी मॅनली क्लबच्या डेली चेरी-इव्हान्सचे २०१५ चे प्रकरण आठवावे. त्याने गोल्ड कोस्ट टायटन्स क्लबशी करार केल्याचे साऱ्या जगाला सांगितले गेले, टायटन्सने त्याच्याभोवती पुढचा संघ आखला आणि जूनमध्ये तो मॅनलीतच राहिला, कारण तेव्हाच्या नियमाने तेराव्या फेरीपर्यंत शब्द फिरवता येत असे. आदल्याच वर्षी जेम्स टेडेस्को या खेळाडूने कॅनबेरा क्लबच्या बाबतीत तेच केले होते. गोल्ड कोस्टच्या लोकांचे नुकसान लपवाछपवीने झाले नाही, कच्च्या सहीने झाले.

हॅरिसपार्ककर:
तेराव्या फेरीचा नियम गेला हे बरे झाले, आणि घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळावी हेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ब्राउनच्या बदल्यात काही मिळाले असते तर आमच्या पोरांसाठी प्रशिक्षक तरी वाढवता आले असते. खेळाडूने कुणाशी बोलावे हे मी ठरवू शकत नाही, हेही कबूल. पण १ नोव्हेंबर ही तारीख मला अजिबात मान्य नाही. हंटरकाठ, पुढच्या मार्चमध्ये तुमचा एखादा खेळाडू सिडनीतल्या क्लबशी सही करून तुमच्याच मैदानावर उतरला, तर त्याच्यासाठी तुम्ही टाळ्या वाजवाल का?

हंटरकाठ:
त्या वेळी टाळ्या वाजवणार नाही. तरीही त्याला सही करण्याचा हक्क आहे, असेच म्हणेन.