विहार, लामा कॅम्प आणि पोरांचं गॅदरिंग: आपापले अनुभव लिहा

वडगाव, बेळगाव

मीच सुरू करतो. घरच्यांना घेऊन विहारात, मठात गेला असाल आणि तीच पोरं गॅदरिंगला स्टेजवर चढली असतील तर काय काय झालं ते लिहा, लांबलं तरी चालतंय.

आमचं असं की बेळगावात थंडीला तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात, ते बघून पोरगं दरवेळी विचारायचं हे राहतात कुठं, म्हणून नाताळच्या सुट्टीत हुबळीच्या पुढं मुंडगोडला, तिथल्या तिबेटी वसाहतीत गेल्तो, लामा कॅम्प म्हणतात ती, आई, बायको, दोन्ही पोरं सगळेच. हुबळीपर्यंत शंभरेक किलोमीटर हायवे, पुढं साधा रस्ता, आणि मग कापलेल्या शेतांच्या पलीकडं एकदम सोनेरी कळस दिसायला लागतात. १९६६ ची वसाहत ती, निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना म्हैसूर राज्यानं, म्हणजे आताच्या कर्नाटकानं, जागा दिलेली. गांदेन आणि द्रेपुंग हे ल्हासाकडचे जुने मठ, ते नंतर इथं नव्यानं उभे राहिले. बायको म्हणाली, आपली गावं जिथल्या तिथं आहेत तरी आपण सीमेवरनं एवढं भांडतोय, ह्यांचं तर गावच तिकडं राहिलं. आई म्हणाली, गप, देवळात राजकारण नको.

देऊळ बघून पोरगं दहा मिनिटांत कंटाळलं. पण बाहेर अंगणात लामांचा वाद चालू होता, शास्त्रावरचा. एकजण खाली बसलेला, दुसरा त्याच्या पुढ्यात उभा. उभा असलेला प्रश्न टाकतो, आणि टाकता टाकता डावा पाय आपटून उजवा तळहात डाव्या तळहातावर सटकन मारतो. बसलेल्यानं उत्तर द्यायचं. अशा कितीतरी जोड्या एकदम, सगळं अंगण टाळ्यांनी दणाणतंय, आपल्याला वाटावं आता हाणामारी होते काय की, आणि मधीच दोघंही खो खो हसतात. पोरगं कठडा धरून जे उभं राहिलं ते जेवायला पण येईना.

जानेवारीत गॅदरिंग. ह्याला कन्नड पद्य म्हणायचं होतं. सरावाला हात चड्डीच्या शिवणीला चिकटवून, एका दमात म्हणून मोकळा व्हायचा. स्टेजवर पहिली ओळ संपली आणि सटकन टाळी, वर पाय आपटला. फळ्यांचं स्टेज, माईकचा स्टँडच हलला, साऊंडवाला दचकून उठला. मग दर ओळीला तेच. लोकांना वाटलं बसवलेलंच आहे, मागची पोरं पण टाळ्या मारायला लागली. कन्नडच्या मॅडम विंगेत उभ्या होत्या, आधी तोंड बघण्यासारखं झालं त्यांचं, नंतर पदर लावून हसत होत्या.

निपाणी

आमच्याकडं विहार म्हणजे सहल नव्हे, घरचंच आहे. बुद्ध पौर्णिमेला पांढरी साडी, मेणबत्ती, अगरबत्ती, वंदना झाली की खीर. लेकीला त्रिसरण, म्हणजे बुद्धं सरणं गच्छामि, शाळेत जायच्या आधीपासून पाठ, सासूबाईंच्या मांडीवर बसून शिकली, दुतियम्पि, ततियम्पि (दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा) आलं की मान हलवत जोरात, बाकी पुटपुट. विहारात सगळे माना वळवून बघायचे.

गॅदरिंगला तिला बाबासाहेबांवर भाषण दिलं. पोरांची भाषणं एकाच साच्यातली असतात हो, महू, महाड, नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६, जय भीम, बसा. सासूबाई म्हणाल्या, ते निपाणीला आल्ते ते का नाही? १९२५ च्या एप्रिलात, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेला. तेव्हा आपला जिल्हा मुंबई इलाख्यातच की. आम्ही ते घातलं, शेवटी दोन ओळी, घाईत.

प्रत्यक्षात काय, पाहुणे उशिरा आले, त्यांची भाषणं लांबली आणि पोरांचे आयटम कापायला सुरुवात. हिला दोन मिनिटं. शाळेचं नाव लिहीत नाही, पण शाल-श्रीफळाला अर्धा तास मिळतो आणि महिनाभर पाठ करणाऱ्या पोरीला दोन मिनिटं, हे मला अजून खटकतंय. पोरगी हुशार निघाली, जन्म-शिक्षण सगळं उडवलं आणि थेट "आपल्या निपाणीत" म्हणून सुरू केलं. मागनं कुणीतरी शिट्टी मारली. सासूबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, शेजारच्या बाईला कोपरानं ढोसत होत्या, माझी नात, माझी नात.

खानापूर

आम्ही पण मुंडगोडच, पण लाल बसनं. मी, आई, दोन्ही नणंदा, सगळ्यांना आधार दाखवून झिरो तिकीट, कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट असते त्या शक्ती योजनेचं. कोल्हापूरची आत्या बरोबर होती, तिचा आधार महाराष्ट्राचा, तिला पूर्ण तिकीट. हुबळीपर्यंत कंडक्टरशी वाद घालत होती, तिकडच्या लामांपेक्षा भारी. पोरीच्या गॅदरिंगला तीच आत्या मोबाईल वर धरून उभी, मागच्या चार रांगांना काही दिसलं नसणार. तो लामांचा वाद रोज असतो काय हो?

चिकोडी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. लहान पोर असेल तर पूजेच्या वेळी आत बसवू नका. ती लांब शिंगं असतात ना, जमिनीला टेकवून फुंकतात, आवाज छातीत घुमतो, आमचं अडीच वर्षांचं इतकं रडलं की बाहेर आणून मोमो भरवावे लागले. आणि पूजा लवकर संपत नाही. मोठीनं मात्र सगळं नीट बघितलं, पण तिच्या गॅदरिंगला त्याचा काही उपयोग नाही, तिथं तिला झाड केल्तं. उभं राहायचं, बस.

वडगाव, बेळगाव

झाड पण लागतंय की! खानापूरच्या ताई, वाद रोज असतो काय ते तिथल्याच लामांना विचारायचं, बऱ्याच जणांना कन्नड, हिंदी दोन्ही येतं, फोटो काढायच्या आधी पण विचारा. मठाला उजवं घालून फिरायचं, ती मंत्राची चक्रं पण त्याच दिशेनं. जेवायला थुकपा घ्या, नूडल्सचं तिबेटी सूप, आईला लई आवडला, तिखट वरून मागून घेतलं. कलबुर्गीच्या बुद्ध विहाराला पोरांसकट कुणी गेलंय काय? उन्हाळ्याआधी जायचं मनात आहे.