दुःखातल्या घरी प्रार्थना: स्तुती आधी की गाऱ्हाणं?

घरसभा_गुरुवार
सर्वांना प्रभूत सलाम. आमच्या घरसभेतलं एक कुटुंब फार ओढाताणीत आहे. घरधनी डायलिसिसवर, नोकरी गेलेली, मुलीची फी थकलेली. पुढची सभा त्यांच्याच घरी आहे. आमचा नेहमीचा क्रम तीन स्तुतिगीतं, साक्षी (देवाने काय केलं याचे अनुभव सांगणं), बायबलचं वचन, प्रार्थना असा. मागच्या खेपेस गीतं सुरू होताच घरच्या ताई उठून आत गेल्या. स्तुती गाळावी तर भरवसा सोडल्यासारखं होतं, घ्यावी तर जखमेवर मीठ. क्रम कसा लावावा?

स्तोत्र_अठ्ठ्याऐंशी
स्तुती गाळू नका, फक्त तिला पहिल्या जागेवरून हलवा. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांची चाल बहुतेक ठरलेली असते: हाक, गाऱ्हाणं, मागणं, भरवसा, आणि शेवटी स्तुती. स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा एकच सवाल चार वेळा येतो, ३-४ मध्ये मागणं, ५ मध्ये भरवसा, ६ मध्ये गाणं. संकट टळल्याचं मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

सभेतही तसंच करा. एकाने १-२ वाचावी आणि मग दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसावं. घरच्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, पण आग्रह नको. ३-४ नंतरची प्रार्थना नेमकी असू द्या: फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) नीट चालावा, थकवा कमी व्हावा, फीची सोय व्हावी. 'सर्व काही भल्यासाठीच' हे वाक्य त्या दिवशी तोंडातही आणू नका. ५-६ सगळ्यांनी मिळून वाचा, त्यानंतर एकच गीत. अर्ध्या-पाऊण तासात सभा उरका.

साक्षी पूर्ण बंद. 'अमक्याची किडनी प्रार्थनेने बरी झाली' हे ऐकलं की घरच्यांना वाटतं, आपलाच विश्वास तोकडा पडला. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी (४२:७) देव रागावला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

आणि डायलिसिसच्या दिवशी जाऊ नका, माणूस गळून गेलेला असतो. शहाळं, केळी, संत्री नेऊ नका, त्यांत पोटॅशियम जास्त असतं. पाण्यालाही मोजमाप असतं, म्हणून चहाचा आग्रह नको.

विजयी_स्तुती
मला हे पटत नाही. यहूदाच्या यहोशाफाट राजाने सैन्याच्या पुढे गाणारे उभे केले (२ इतिहास २०:२१). गायला सुरुवात झाली तेव्हाच शत्रू मोडले. आधी रडगाणं कशाला?

स्तोत्र_अठ्ठ्याऐंशी
दादा, तोच अध्याय ३ ऱ्या वचनापासून वाचा. राजा घाबरला, सगळ्या यहूदात उपास पुकारला, आणि काय करावं ते आम्हाला सुचत नाही असं त्याने उघड म्हटलं (वचन १२). गाणारे त्यानंतर आले. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचंही तसंच: अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, मेंढरं, गुरं सगळं गेलं तरी हर्ष करीन, हे तिसऱ्या अध्यायात. पहिल्या अध्यायाची सुरुवात मात्र 'किती ओरडू?' अशीच आहे. नुसता शेवट उचलला की स्तुती म्हणजे देवाला दिलेली लाच होऊन बसते.

पेटीवाला
गीताबद्दल. सूर नेहमीपेक्षा एक-दोन पट्ट्या खाली धरा, टाळ्या आणि ढोलकी नको. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात ना. वा. टिळकांची पुष्कळ पदं आहेत, त्यांतलं विनवणीच्या ढंगाचं एखादं निवडा, तेही सर्वांना पाठ असलेलं. ताई नाही गायल्या तरी काही बिघडत नाही. स्तोत्र ४२ आणि ४३ मिळून एकच पालुपद तीनदा येतं: जिवा, खिन्न का होतोस, देवाची आशा धर, मी पुन्हा त्याची स्तुती करीन. आज गाता येत नाही, पुढे गाईन, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. तोवर इतरांनी त्यांच्या वतीने गावं, मंडळी त्यासाठीच असते.

घरसभा_गुरुवार
आभार, क्रम कळला. एक अडचण उरते. सरकारी योजनेसाठी धावपळ करायला घरधनी तयार नाहीत. म्हणतात, 'प्रभू पुरवील, हात पसरणं म्हणजे अविश्वास.'

आशाताई_महिलामंडळ
त्यांना बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकाचा १६ वा अध्याय पूर्ण वाचून दाखवा. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते, ते सगळ्यांना माहीत असतं. सकाळी 'गुपचूप निघून जा' असा निरोप आला तेव्हा पौल अडून बसला: आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना फटके मारलेत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (वचन ३७). रात्री ज्याने स्तुती केली त्यानेच सकाळी हक्क मागितला.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन मंडळीतल्या कुणीतरी सोबत जा. सल्ला देऊन घरी परतू नका, रांगेत तुम्ही उभे राहा. आणि ताईंची झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त उडालं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं त्या बोलत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये तुम्हीच भरून द्या.