निखळलेला ब्रॅकेट पुन्हा चिकटवावा की नवाच लावावा?

साखळीची आई
आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. लेकीच्या दातांना तारा आहेत. जत्रेतलं खाजं चावताना खालच्या उपदाढेचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दाताला चिकटवलेला छोटा तुकडा, निघाला. डबीत घालून नेला, तर डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून ज्योतीवर लाल केला, पाण्यात बुडवला आणि परत चिकटवला. थोड्याच दिवसांत भात खाताना सुटला! माझं मत सरळ आहे, निघालेला ब्रॅकेट परत लावूच नये. पाकिटावर गोलातल्या २ वर काट असते, म्हणजे वापर एकदाच.

फोंड्याचा दंतवैद्य
ताई, राग योग्यच, पण ‘लावूच नये’ हे पटत नाही. चूक जाळण्यात आहे. धातूच्या ब्रॅकेटच्या पाठीला बारीक जाळी असते, कॉम्पोझिट, म्हणजे राळ आणि बारीक भुकटी मिळून केलेला चिकटवा, त्या जाळीत शिरून पकड घेतं. ज्योतीने त्यातली राळ जळते, पण भुकटी जाळीतच राहते. वर स्टील मऊ पडतं, लवकर गंजू शकतं. त्याऐवजी ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराच्या हवेने बारीक कणांचा मारा, केलं की जाळी मोकळी होते. ५.९ ते ७.८ मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) पकड पुरे, असं संशोधक रेनॉल्ड्स यांनी १९७५ मध्ये सुचवलं. सँडब्लास्ट केलेले ब्रॅकेट नव्याहून थोडे कमी भरले तरी चाचण्यांत सहसा तेवढी पकड देतात. नुसते जाळलेले मागे पडतात.

पेडणेकर
डॉक्टर, त्या चाचण्या काढलेल्या दातांवर होतात. तिथे लाळ नाही, चावणं नाही. पेडण्याहून म्हापसा, तिथून पणजी, मग बांबोळीचं दंत महाविद्यालय. ब्रॅकेट सुटला की मुलाची शाळा बुडते आणि माझा रोजही. त्यापुढे धातूच्या एका ब्रॅकेटची किंमत ती काय? शंका असेल तिथे नवाच हवा.

फोंड्याचा दंतवैद्य
म्हणूनच आधी तो कुठून सुटला ते बघावं. दात कोरा आणि सगळं कॉम्पोझिट ब्रॅकेटच्या पाठीला असेल, तर पकड दाताकडून गेलीय. बहुतेकदा चिकटवताना ओल लागलेली असते, आणि खालच्या उपदाढांना ती भीती जास्त. दात नीट कोरडा केला नाही तर नवा ब्रॅकेटही पडेल. शिवाय प्रत्येक दाताचा ब्रॅकेट वेगळा. छोट्या दवाखान्यात पूर्ण संच येतो, त्याच दाताचा सुटा हाताशी असेलच असं नाही.

डिचोलीची वाचक
ब्रॅकेटमध्ये तार जिथे बसते, त्या खाचेचं कोणीच बोललं नाही. ०.०२२ इंचाची ती खाच काढताना चेपली, तर पकड कितीही घट्ट असो, तार नीट बसत नाही आणि दात हवा तसा वळत नाही. असा ब्रॅकेट टाकूनच द्यावा. पाठीवर सिलेनचा (चिकटायला मदत करणाऱ्या रसायनाचा) थर असलेला सिरॅमिकचा ब्रॅकेटही परत लावू नये, सँडब्लास्टिंगने तो थर जातो.

साखळीची आई
सँडब्लास्टिंगचं पटलं. पण आम्हाला न विचारता का ठरवता? जुना लावला की नवा, केसपेपरवर लिहा. आणि जुना असेल तर माझ्याच मुलीचा हवा. यावर मी हटणार नाही.

फोंड्याचा दंतवैद्य
दुसऱ्याच्या तोंडातला तर कधीच लावू नये. लिहून द्यायला मी तयार आहे. नवाच हवा म्हणालात तर तोही लावेन, पण मागवून येईपर्यंत थांबावं लागेल.

पेडणेकर
थांबायला आमची ना नाही. ब्रॅकेट आला की फोन करा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.