बोटीचं नाव बदलायचं आहे, तातडीने मदत हवी

सारिका_म
नमस्कार मंडळी. सेकंडहँड बोट घेतली आहे. तिचं आत्ताचं नाव घरात कोणालाच आवडत नाही. बदललं तर चालतं ना? आणि छान, छोटं, मराठी नाव सुचवा. अक्षरं कापणाऱ्याला परवा नाव कळवायचं आहे, तेव्हा जरा लवकर. शकुन-अपशकुनाची चर्चा कृपया नको.

सुकाणू
अभिनंदन! पण ताई, माहिती फारच अपुरी आहे. बोट शिडाची की इंजिनाची? लांबी किती? कागद तुमच्या नावावर झाले का? रेडिओ आहे का? आणि जे नाव आवडत नाही ते काय, हे तर लिहिलंच नाहीत.

सारिका_म
बोटीच्या लांबीचा नावाशी काय संबंध? शिडाची आहे, छोटं इंजिनही आहे. बाकी सगळं व्यवस्थित आहे. नावं सुचवा ना.

दर्यासारंग
चर्चा नको म्हणालात तरी सांगणं माझं काम. दर्याच्या राजाच्या वहीत प्रत्येक बोटीचं नाव लिहिलेलं असतं असं जुने खलाशी मानत. जुनं नाव त्या वहीतून आधी पुसून घ्यावं लागतं. बोटीवरचं, कप्प्यातलं, लाइफजॅकेटवरचं, किल्लीच्या बिल्ल्यावरचं, सगळीकडचं जुनं नाव काढायचं आणि मगच नवं नाव बोटीवर आणायचं. विश्वास नसेल तर मेरी सेलेस्ट या जहाजाचं काय झालं ते वाचा. आधीचं नाव ॲमेझॉन. १८६८ साली नाव बदललं आणि १८७२ च्या डिसेंबरात अटलांटिकमध्ये रिकामी सापडली. माणसांचा पत्ता आजतागायत नाही.

नास्तिक_नाखवा
आलेच! दर्यासारंग, अर्धी गोष्ट सांगू नका. १८६१ मध्ये ॲमेझॉन पहिल्याच सफरीला निघाली तेव्हा तिचा पहिला कप्तान आजारी पडून वारला. १८६७ साली वादळात ती किनाऱ्यावर फेकली गेली. हे सगळं जुन्या नावाने. उलट रिकामी सापडल्यानंतरही ती मेरी सेलेस्ट याच नावाने आणखी बारा वर्षं माल वाहत होती. १८८५ मध्ये कप्तानाने विम्याच्या पैशासाठी तिला हैतीजवळ मुद्दाम खडकावर घातलं. त्यात दर्याच्या राजाचा काय दोष?

आणि आपल्याच नौदलाकडे बघा. आयएनएस विराट म्हणजे आधीची ब्रिटिश हर्मिस. तिची बांधणी सुरू झाली तेव्हा तर नाव एलिफंट होतं. दोनदा बारसं होऊनही २०१७ पर्यंत सेवेत. विक्रमादित्य आधी बाकू, मग ॲडमिरल गोर्शकोव्ह, २०१३ पासून विक्रमादित्य.

दर्यासारंग
युद्धनौकेची गोष्ट वेगळी. तिथे मोठा समारंभ करून नाव ठेवतात. आणि एन्ड्युरन्स जहाजाचं काय? आधीचं नाव पोलारिस, दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या शॅकल्टन या शोधकाने आपल्या घराण्याच्या ब्रीदावरून बदललं. १९१५ मध्ये बर्फात चिरडून बुडाली.

नास्तिक_नाखवा
अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात दहा महिने अडकलेलं जहाज पोलारिस नावाने तरंगत राहिलं असतं का? २०२२ साली ३,००८ मीटर खोलीवर सापडलं तेव्हा मागच्या बाजूला एन्ड्युरन्स हे नाव अगदी स्पष्ट वाचता येत होतं. रंगाऱ्याचं काम पक्कं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

कवडसा
मी नावं देते: जलदा, ऊर्मी, सागरिका, तरंगिणी, मंदाकिनी, नीरजा, वेला, तारिणी, शुभ्रा, गाज. यातलं 'गाज' मला फार आवडतं. पुढेमागे माझी बोट झाली तर तेच ठेवणार होते, पण तुम्हाला देऊन टाकलं.

गलबत्या
तरंगिणी आणि तारिणी दोन्ही नौदलाकडे आहेत. तरंगिणी हे शिडाचं प्रशिक्षण जहाज, १९९७ पासून सेवेत, २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. तारिणीवरून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. तुम्ही ठेवू नये असं नाही, पण बंदरात प्रत्येक जण तेच विचारेल.

अवांतर: आमच्या ग्रुपमध्ये नावासाठी मतदान घ्यायचं चाललं होतं, मी विरोध केला. २०१६ साली ब्रिटनच्या संशोधन जहाजासाठी ऑनलाइन मतं मागवली तर लोकांनी 'बोटी मॅकबोटफेस' पहिलं आणलं. शेवटी जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि लोकांचं नाव एका छोट्या स्वयंचलित पाणबुडीला.

सारिका_म
कवडसा, धन्यवाद, गाज छान आहे. पण सासूबाईंनी 'मेदिनी' सुचवलंय आणि जवळजवळ तेच ठरतंय. कसं वाटतं? जुनं नाव 'लिक्विड ॲसेट' आहे. आता कळलं ना, का बदलायचंय!

कवडसा
मेदिनी म्हणजे पृथ्वी ना? बोटीचं नाव जमीन? मग ती जमिनीलाच लागणार की हो :)

सुकाणू
हसण्यावारी नेऊ नका. मेदिनी नको. ताई, रेडिओ आहे की नाही हे अजून सांगितलं नाहीत, आणि नेमका तिथेच घोटाळा आहे. संकटात 'मेडे, मेडे, मेडे' असं तीनदा म्हणून लगेच बोटीचं नाव तीनदा सांगतात. म्हणजे 'मेडे मेडे मेडे, मेदिनी मेदिनी मेदिनी'. वारा, इंजिन, खरखर यात समोरच्याला नाव कुठे सुरू झालं हेच कळणार नाही. याच्या उलट जास्त वाईट. तुम्ही नुसतं मरिनात जागा मागायला बोलावलंत, 'मेदिनी, मेदिनी' म्हणालात आणि कोणी अर्धवट ऐकलं, तर संकटाचा संदेश समजून धावपळ होईल.

नास्तिक_नाखवा
हे जरा ताणताय. मधे 'द' आहे, 'ड' नाही.

सुकाणू
तुम्ही मराठी कानाने ऐकताय. रेडिओवर ऐकणारा मराठी असेलच असं नाही. रोमन लिपीत दोन्ही डीच. अमेरिकेत कागदोपत्री नोंदवायच्या बोटींसाठी नियमच आहे की नाव समुद्रावर मदत मागायच्या शब्दासारखं नको, दिसायला नको आणि ऐकायलाही नको. शिवाय ३३ अक्षरांपेक्षा मोठं नको. उगाच केलेला नाही तो नियम.

नास्तिक_नाखवा
रेडिओवरचं डीएससीचं, म्हणजे संकटाचा इशारा आपोआप पाठवायचं, लाल बटण दाबलं की क्रमांक आणि ठिकाण आपोआप जातं. नाव बोलायची गरजच काय?

तरंगलांबी
रेडिओवाला म्हणून मधे पडतो. बटणाने नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची बोटीची ओळख, जातो. नाव जात नाही. बचाव केंद्र तो क्रमांक आपल्या नोंदीत शोधतं आणि तिथे जे नाव, जो मालक, जो फोन असेल त्यावर विसंबतं. नोंद बदलली नाही तर ते लोक 'लिक्विड ॲसेट' शोधत फिरतील, आधीच्या मालकाला फोन लावतील, आणि तो म्हणेल मी तर घरी बसलोय. शिवाय जवळच्या बोटी तुमचा आवाजच ऐकतात, आणि सगळ्यात आधी मदतीला पोचतात त्याच. म्हणून बटणानंतर आवाजातही सांगायचं असतं.

४०६ मेगाहर्ट्झचा संकटदीप, ज्याला ईपर्ब म्हणतात, तो असेल तर त्याची नोंदणी वेगळी असते, तीही बदलावी लागते. हे सगळेच विसरतात. एआयएस, म्हणजे बोटीचं नाव आणि ठिकाण आसपासच्या बोटींना आपोआप कळवणारं यंत्र, असेल तर त्यातलं नाव आत जाऊन बदला. तिथे जास्तीत जास्त २० अक्षरं आणि फक्त रोमन मोठी लिपी चालते, देवनागरी जात नाही. त्यामुळे नाव आधी रोमनमध्ये लिहून बघा. 'ऊर्मी' चार जण चार तऱ्हेने लिहितील.

आणि स्पेलिंग रेडिओच्या वर्णमालेत, म्हणजे प्रत्येक रोमन अक्षराला एक ठरलेला शब्द घेऊन, मोठ्याने म्हणून बघा. गाज म्हणजे गोल्फ, आल्फा, आल्फा, ज्युलिएट. वाईट नाही. मधला 'आल्फा' एकदाच ठेवायचा की दोनदा ते कागद करण्याआधी ठरवा.

सारिका_म
बापरे. रेडिओ आहे, एआयएसही आहे. तो केशरी डबा बहुतेक ईपर्ब असावा, नक्की बघून सांगते. पण हे सगळं नंतर करता येईल ना? अक्षरांची ऑर्डर परवा द्यायची आहे.

सुकाणू
आणि कागद?

सारिका_म
कागद अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहेत, पैसे पूर्ण दिलेत. तो म्हणाला सावकाश करू. विमाही त्याच्याच नावाने चालू आहे, मुदत संपायला वेळ आहे.

गलबत्या
थांबा, थांबा. नावाचं राहू द्या. बहुतेक पॉलिसींमध्ये मालक बदलला की विमा आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. आज बोट कोणावर आदळली तर कंपनी म्हणेल की आमचा करार त्या गृहस्थाशी होता. आधी लेखी विचारा.

सुकाणू
हेच पहिल्यापासून विचारत होतो. क्रम असा ठेवा: आधी मालकी, मग विमा, त्यासोबत नवं नाव, मग रेडिओ आणि ईपर्बच्या नोंदी, आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. काही नोंदणीखात्यांत नाव दुसऱ्या कोणाचं असेल तर मिळतच नाही, काही ठिकाणी एकाच नावाच्या कितीही बोटी चालतात, आणि छोट्या बोटींना तर अनेक ठिकाणी नुसता क्रमांक असतो, नाव कागदावर नसतंच. तुमच्याकडे यातलं काय, ते खात्यातच विचारावं लागेल. अक्षरांची किमान उंचीही ठरलेली असू शकते. बाकी, बोटीच्या अंगावर कोरलेला बनावटीचा क्रमांक असतो, तो नाव बदललं तरी तसाच राहतो. त्याला हात लावू नका, पॉलिशच्या भरात घासून टाकणारे पाहिलेत.

दर्यासारंग
म्हणजे माझंच खरं झालं. जुनं नाव सगळीकडून काढा, मगच नवं आणा. वही दर्याच्या राजाची काय आणि सरकारची काय!

नास्तिक_नाखवा
दर्यासारंग, हा एक गुण तुम्हाला. एकच.

रंगारी_काका
मी वाचतोय कधीपासून, कामाचं कोणी बोलेना. अक्षरं रंगवलेली आहेत की चिकटवलेली? चिकटवलेली असतील तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने एका कोपऱ्यातून सावकाश सोला. लोखंडी पातं लावू नका, जेलकोटला, म्हणजे बोटीवरच्या चकचकीत थराला, ओरखडे पडतात. हीटगन एका जागी धरू नका. राहिलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो.

मग खरी गंमत. अक्षरं निघाली तरी नाव दिसतंच. भोवतीचा जेलकोट उन्हाने फिका पडलेला असतो आणि अक्षरांखालचा नवा असतो. त्यासाठी रबिंग कंपाउंडने आख्खा मागचा भाग एकसारखा घासावा लागतो, नुसता अक्षरांपुरता नाही. पुष्कळ जुनं असेल तर थोडी सावली राहतेच. म्हणून नवं नाव जुन्यापेक्षा आखूड असेल तर बाजूला 'सेट' असं काहीतरी दिसत राहील. गाज फार आखूड पडेल, अक्षरं मोठी घ्या.

वॅक्स नवी अक्षरं लावल्यावर. आधी केलंत तर अक्षरं चिकटणार नाहीत. देवनागरीचा एक फायदा, शिरोरेषेमुळे शब्द सलग कापला जातो, रांग वाकडी होत नाही.

सारिका_म
काका, हे सगळ्यात उपयोगी. चिकटवलेलीच आहेत. ऑर्डर थांबवलीय, मालकाला आज फोन केला, तो कागदांवर सह्या करायला येतोय. मेदिनी सासूबाईंना समजावून बाद केलं. त्या म्हणाल्या, मग वसुंधरा ठेवा. घरात आता वसुंधरा विरुद्ध गाज असं चाललंय.

कवडसा
वसुंधरा म्हणजे पुन्हा पृथ्वीच!

तरंगलांबी
रेडिओच्या बाजूने वसुंधरा चालेल, लांब आहे पण गोंधळ नाही. व्ही घेणार की डब्ल्यू, तेवढं पक्कं करा आणि सगळ्या नोंदींत एकच ठेवा.

भरतीओहोटी
सगळा धागा वाचला नाही. शिडाची बोट असेल तर तळाला अँटीफाउलिंग रंग नक्की लावा, नाहीतर शिंपले धरतात आणि वेग निम्मा होतो. मी तांब्याचा लावतो. कोणी सिलिकॉनचा लावून पाहिलाय का? जुन्या रंगावर चालतो का?

रंगारी_काका
थेट नाही चालत. जुना रंग खरवडून किंवा त्याच्यावर खास प्रायमर देऊन मग. पण हा धागा नावाचा आहे, तुम्ही वेगळा काढा, तिथे सविस्तर लिहितो.