बंदर, मोसम, लिलाव : मलेशियात भेटलेले शब्द

क्वालालंपूरहून मलाक्काला जायची बस जिथून सुटते तिथल्या स्टेशनचं नाव 'बंदर तासिक सलातान'. मी कोकणातल्या हर्णैची, बंदर वाचलं की नाकात सुकटीचा वास येतो, आणि इथे समुद्राचा पत्ता नाही, नुसते उड्डाणपूल. तासिक म्हणजे तळं, सलातान म्हणजे दक्षिण, आणि बंदर म्हणजे चक्क शहर! मग रस्त्यावर जिथेतिथे 'पुसात बंदर' दिसायला लागलं, म्हणजे शहराचा मध्यभाग. शब्द मूळचा फारसी, इराणात बंदर अब्बास आहेच. बाजार धक्क्यावर, वस्ती धक्क्याभोवती, मग हळूहळू अख्ख्या गावालाच बंदर म्हणायला लागले असणार, हा आपला माझा अंदाज.

दुसरा मोसम. तिकडे 'मुसिम डुरियन' म्हणतात, अगदी आपण आंब्याचा मोसम म्हणतो तसं. (डुरियन हे तिकडचं उग्र वासाचं फळ, त्या वासाबद्दल बोलायचं नाही, सुकट खाणाऱ्यांनी तर नाहीच.) पुढे ट्रेनने थायलंडच्या सीमेवरच्या पाडांग बेसारला आलो, एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के, घड्याळ एक तास मागे, आणि थायलंडात तोच शब्द झाला 'मोरसुम', पण अर्थ मोसमी वारे, वादळ. आयुष्यातल्या संकटांना ते 'मोरसुम चीवित' म्हणतात, त्यातलं चीवित म्हणजे आपलं जीवित.

कोकणात असे अजून कुठले शब्द आहेत?

ओहोटी : मोसम हिंदीतून आलाय हो, मराठीत ऋतू आहे की. आणि बंदर संस्कृत 'बंध'वरून असावा.

धागाकर्ती : हिंदी सिनेमातला मौसम म्हणजे हवामान. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टात मोसम सुरू झाला म्हणतात, तिथे ऋतू घालून बघा, कोण म्हणेल? मूळ अरबी 'मौसिम', ठरलेली वेळ. अरबी गलबतं ठरल्या वाऱ्यावर यायची नि वारा फिरला की परतायची, तो शब्द किनाऱ्याला थेट समुद्रावरूनच मिळाला असणार, दिल्लीमार्गे कशाला येईल?

पागवाला : नाखवा राहिला की! मलयमध्ये जहाजाच्या कप्तानाला 'नाखोडा' म्हणतात. फारसीत नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी. ओहोटी, बंदर नाही पण ही 'नाव' संस्कृत 'नौ'ची सख्खी बहीण, तेवढ्यावर समाधान माना. आमच्याकडे मात्र नाखवा म्हणजे होडीचा मालक, भले तो घरी बसून हिशेब बघू दे. होडी हाकतो तो तांडेल.

धागाकर्ती : वा, म्हणजे आपण धनी हा अर्थ धरून ठेवला आणि त्यांनी सुकाणू! लिलाव पण लिहायचा राहिला. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच टोपल्या मांडून लिलाव सुरू, बोली इतकी भराभर की नवख्याला कळतच नाही मासळी कोणाला गेली. मलेशियात तोच शब्द 'लेलोंग'. पोर्तुगीजांचा शब्द. १५१० साली गोवा, १५११ साली मलाक्का, दोन्ही जिंकणारा त्यांचा सेनापती अल्बुकर्कच.

ओहोटी : ठीक आहे, बंध मागे घेतो. पण तांडेल कुठला? तोही फारसी म्हणू नका आता.

पागवाला : तो दक्षिणेकडचा म्हणतात. आमच्या वाडीत तांडेल आडनावाची घरं आहेत, त्यातला एकही आता होडीवर नाही.