सासऱ्याला 'मामा' का म्हणायचं?

उचगावचा

गेल्या महिन्यात चुलतभावाचं लग्न झालं. आम्ही बेळगावकडचे, मुलगी पुण्याची. हळद निघाली, पूजा झाली, पाहुणे पांगले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती माझ्या चुलत्याला म्हणाली, "काका, साखर बघा बरोबर झालीय का." चुलत्यानं बशी खाली ठेवली आणि दाराकडं वळून बघितलं, कोण काका आलाय म्हणून. आमच्या त्या घरात काका म्हणजे माझे वडील, आणि ते तेव्हा गोठ्यात होते.

काकू आतनं हसली. "मामा म्हण गं त्यांना. आणि मला आत्ती." पोरीनं सरळ विचारलं, "माझे मामा भोरला असतात. हे मामा कसे?" घरात अकरा माणसं होती, एकाला उत्तर देता आलं नाही. "आपल्यात तशी पद्धत हाय," एवढंच.

मी नंतर डोकं खाजवलं. मामाची पोर हक्काची म्हणत सोयरीक व्हायची तेव्हा सून आत्याच्याच घरात यायची. सासू आधीपासून आत्या. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, म्हणून सासरा मामा. मुलाच्या बाजूनं बघा: सासरा सख्खा मामा, सासू मामी. आजही आमच्यातले जावई सासूला मामीच म्हणतात. नवं नातं जोडलं तरी नवी हाक शिकायला लागत नव्हती. असली लग्नं आता कमी झाली, पण हाक राहिली. माझं मत, ती राहू द्यावी. 'काका-काकू' म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधली माणसं वाटतात. तुमच्याकडं काय चालतं?

टिळकवाडीची सून

हाक राहू द्या म्हणणारे नेहमी ज्यांना ती मारावी लागत नाही तेच असतात.

मी चोवीस वर्षांची असताना या घरात आले. नणंद सहावीत. तिची वेणी मी घालायचे, डबा मी भरायचे आणि हाक मारायची 'वन्सं', तीही अहो-जाहो करून. "वन्सं, डबा घेतलात का?" ती मला, "वहिनी, पेन्सिल कुठं ठेवलीस?" धाकटा दीर माझ्याहून चार वर्षांनी लहान, तो 'भाऊजी'. उलट माझा भाऊ नवऱ्याहून मोठा असूनही नवरा त्याला नावानं हाक मारतो, आणि मित्रांत बसला की 'आमचा साला'. बायकोच्या भावाचं नातं मराठीत शिवी झालं, नवऱ्याच्या भावाचं का नाही झालं, हे एकदा सांगा. मग मामा म्हणते.

खानापुरी

ताईंचा मुद्दा वेगळा, माझा वेगळा. सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती ही सरळ कन्नडची नक्कल आहे. त्यांच्यात सासरा 'माव', सासू 'अत्ते', आपल्या भागात बोलताना 'अत्ती'. आपले शब्द बघा: सासरा, सासू, दीर, नणंद, जाऊ, जावई, सून. श्वशुर, श्वश्रू, देवर, ननान्दृ, यातृ, जामातृ, स्नुषा. एकेका शब्दाचा बाप दाखवता येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून काळा दिन पाळतोय, आणि घरात सासूला हाक मारायची तीही कानडी? सासूबाई म्हणावं, मामंजी म्हणावं.

निवृत्त मास्तर

खानापुरी, 'मामंजी' म्हणजे मामाच की हो. नुसतं 'जी' लावून नेसवलंय. पुण्याच्या सोवळ्या घरांतनंसुद्धा सासऱ्याला मामंजी म्हणत आले, तिथं कुठला कन्नडिगा शिकवायला गेला होता?

मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं हा दक्षिणेकडचा आचार म्हणून बौधायनाच्या धर्मसूत्रात नोंदलेला आहे. म्हणजे १९५६ च्या कितीतरी आधीचा. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात भारताच्या नातेव्यवस्थेचे विभाग पाडले, तेव्हा महाराष्ट्र उत्तरेतही घातला नाही आणि दक्षिणेतही नाही, मध्य विभागात ठेवला. बरोबर ठेवला. कन्नडमध्ये 'अळिय' म्हणजे जावईही आणि बहिणीचा मुलगाही. 'सोसे' म्हणजे सूनही आणि भाचीही. आपल्यात जावई निराळा, भाचा निराळा. उल्लेख करताना आपण उत्तरेचे, "माझे सासरे असं म्हणाले". हाक मारताना दक्षिणेचे, "मामा, जेवायला चला". एकाच माणसाला एकाच दिवसात दोन्ही.

आणि शुद्धच हवं असेल तर मेहुण्याचं काय करणार? मराठीतला मेहुणा आणि कन्नडमधला 'मैदुन' हे दोन्ही संस्कृत 'मैथुन'मधून आलेत. तो शब्द इकडं दक्षिणेत मामे-आते भावंडांना, म्हणजे ज्यांच्याशी सोयरीक जुळू शकते त्यांना लावत. जो शब्द तुम्ही खास आपला म्हणून छातीशी धरता तोच दोन्ही घरी नांदतोय.

खानापुरी

मास्तर, मूळ एक असेल, पण आज कोण कुणाचं उचलतंय हे दिसतं की. आमच्या गल्लीतली पोरं व्याह्यांना 'बीगर' म्हणायला लागलीत.

अत्ती गोकाकची, आत्या नंदगडची

मी त्या पोरांपैकीच. आई गोकाककडची, घरात कन्नड. बाबा नंदगडचे, मराठी. माझ्या मोबाईलमध्ये 'अत्ती' या नावानं मामी आहे आणि 'आत्या' या नावानं बाबांची बहीण. आईच्या भाषेत दोघीही अत्ती. उद्या लग्न झालं तर सासूही अत्ती. लहानपणी मला वाटायचं, अत्ती ही एकच बाई आहे आणि ती सगळीकडं राहते.

व्याही म्हणा नाहीतर बीगर, पान तेच वाढतात. म्हैसूर-मंड्याकडं 'बीगर ऊट' म्हणजे लग्नानंतरची मटणाची पंगत, आपल्यात व्याहीभोजन. आमच्या घरी दोन्ही झाली. मटण पहिल्या दिवशी संपलं, मांडे चार दिवस पुरले.

छापखाना

आम्ही लग्नपत्रिका छापतो, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. भांडण खरं इथं होतं. मराठीत 'मेहुणे' लिहिलं की बायकोचा भाऊही आला आणि बहिणीचा नवराही. कन्नड बाजू जुळवायला बसलं की प्रश्न सुरू: वयानं मोठा का लहान? मोठ्या बहिणीचा नवरा 'भाव', बायकोचा धाकटा भाऊ 'मैदुन'. नवऱ्याचा मोठा भाऊही 'भाव', धाकटा 'मैदुन'. आपल्याकडं दोघेही दीर, फार तर थोरला-धाकटा लावायचं. म्हणजे कन्नड आधी वय बघते, मराठी आधी बाजू बघते, नवऱ्याकडचा का बायकोकडचा. टिळकवाडीच्या ताई म्हणतात ते म्हणूनच पटतं. बाजू बघणाऱ्या भाषेत एक बाजू वरचढ होणारच.

(जाऊ म्हणजे आपल्या भागातल्या कन्नडमध्ये 'नेगेण्णी'. तो शब्द मात्र मला फार आवडतो, पत्रिकेत कुणी घालत नाही.)

कोर्टातला

एक आठवण करून द्यावी म्हणतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊ-बहिणीची मुलं निषिद्ध नात्यात येतात. रूढी असेल तरच असं लग्न चालतं, आणि ती रूढी सिद्ध करावी लागते. 'आमच्यात सासूला आत्याच म्हणतात' एवढं सांगून भागत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत मुलांना आनुवंशिक आजाराचा धोका वाढतो, तोही विसरू नका. हाक ठेवा, सोयरीक लांब करा.

उचगावचा

सोयरीक लांबच केली हो, पुण्यापर्यंत गेलो!

मास्तर, तुमच्यामुळं काकूला सांगायला उत्तर मिळालं. टिळकवाडीच्या ताईंना मात्र माझ्याकडं उत्तर नाही. धाकट्या नणंदेला अहो-जाहो ही मलाही खुपते, आणि 'साला' शिवी झाली हे खरंच आहे. पण मामा-आत्ती त्याच टोपलीत घालू नका. त्यात कुणी खाली-वर नाही.

टिळकवाडीची सून

नाही कसं? सुनेनं सासूला आत्या म्हणायचं, मग सासू सुनेला भाची म्हणते का? 'सूनबाई' म्हणते, नाहीतर 'अगं ए'. तुमच्या काकूनं पुण्याच्या पोरीला काय हाक मारली, ते तुम्ही लिहिलंच नाही.

उचगावचा

...'गं' म्हणाली. बरोबर पकडलंत.

निवृत्त मास्तर

ताई, हा मुद्दा मला सुचला नव्हता. कन्नडमध्ये 'सोसे' आहे, पण तीही उल्लेखाला, हाक नावानंच.

खानापुरी

मी अजूनही सासूबाईच म्हणणार. ते असो. नणंदेच्या नवऱ्याला काय म्हणता तुम्ही लोक? आजी नणदावा म्हणायची, आता घरात कुणाला कळत नाही.

छापखाना

आमच्यात भाऊजी.

अत्ती गोकाकची, आत्या नंदगडची

आमच्यात दाजी.

टिळकवाडीची सून

आमच्यात तो आला की मी स्वयंपाकघरातच असते, हाक मारायची वेळ आलेली नाही.